दहा तोतरे

आता हसू येते, पण तवा मी लय घाबरलो होतो. स्वातंत्र्यानंतरच्या आठ-दहा वर्सांतली गोष्ट. तोतरेपणावर प्रबंध लिहिणारा एक विद्यार्थी नागपूरहून आमच्या सिंदेवाहीकडच्या गावात आला. त्याले दहा तोतरे पाहिजे होते, अन् गावात होता एकच. पाटील म्हणाले, "पाहुणा रिकाम्या हातानं जाईन का?" मंग आमी नऊ जण त्याच्यासमोर अडखळत बोललो.

महिन्यानं त्याले घेऊन त्याचे प्राध्यापकच पडताळणीले आले. मी सारं विसरून घडाघडा बोललो. विद्यार्थ्याच्या हातातली वहीच गळून पडली.

"खोट्या नोंदी! प्रबंध रद्द!" प्राध्यापक कडाडले.

पाटील थक्क! "साहेब, त्याच्यावर काऊन चिडता? दहा कमी पडले का? बहिरे पाहिजे असतीन तर सांगा, उद्या सारं गाव बहिरं करतो!"