स्नेहलचा चिंचोका

वनमाला: आन् हा चिंचोका कशाचा?

बाबाराव: दूधवाल्याचा. सकाळी दुधात पाणी होतं. मनात प्रतिक्रिया उठली. उठली, पाहिली, टाकली बरणीत.

वनमाला: आन् हे खालचे पाच?

बाबाराव: ते तुझे आहेत.

वनमाला: माझे? मी काय केलं जी?

बाबाराव: तू काही केलं नाही, वनमाला. करणारं कोणी नसतेच. भाजीत मीठ जास्त पडलं, ते घडलं. या शरीरात चिडचिड उठली, ते बी घडलं. सत्संगातले भैयाजी म्हणतात, प्रतिक्रिया म्हणजे अहंकाराची शेपटी. दिसली की एक चिंचोका टाका. ज्या दिवशी बरणी रिकामी राहील, त्या दिवशी अहंकार संपला.

वनमाला: माझी लोणच्याची बरणी अडकवून तुमचा अहंकार संपून राहिला. बरं, या शरीराले सांगा, लवकर तयार हो. साडेदहाले भाड्याची गाडी येते.

बाबाराव: गाडी येते, गाडी जाते. पाहणारा साक्षी तिथंच राहते.

वनमाला: साक्षी इथं राहू द्या, तुम्ही नव्या रायपूरले जा. आज पोट्टीले आणायचं आहे. उद्या तिले आठवा महिना लागते. आठव्यात लेकीले हलवत नाहीत, आन् पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तुमच्याच आईनं शिकवलं मले.

बाबाराव: सचिनले सांग ना.

वनमाला: सचिन बंगलोरले आहे. तो काय तिथून हात लांब करून बहिणीले उचलंल? आन् मी गेली तं दारात भाकरतुकडा कोण ओवाळंल? घ्यायले माहेरचा मुराळी लागते. भाऊ नाही तं बाप. स्नेहलनं साफ सांगितलं, बाबा स्वतः आले तं येईन, नाहीतर इथंच सासूबाई करतील बाळंतपण.

बाबाराव: चांगल्या आहेत तिच्या सासूबाई.

वनमाला: अकरा महिने झाले, तुम्ही पोट्टीचं तोंड नाही पाहिलं. तिचा फोन आला की तुम्ही गच्चीवर.

बाबाराव: यातच तं गंमत आहे. ही बरणी पाह्य. दूधवाला आहे, तू आहे, वरच्या माळ्यावरचा कुकर आहे, फाटकावर हॉर्न वाजवणारे आहेत. अख्खा गुढियारी मोहल्ला आहे याच्यात. स्नेहलचा एक बी चिंचोका नाही. तिचं नाव घे. घे बरं.

वनमाला: स्नेहल.

बाबाराव: पाह्य. आत कोरं आकाश.

वनमाला: कायचं आकाश जी? रुसवा आहे हा. मांजर डोळे मिटून दूध पिते, तुम्ही डोळे मिटून रुसता. तिच्या गृहप्रवेशाच्या दिवशी तुमच्या हातचं देवघर वॉशिंग मशीनच्या बाजूले दिसलं, आन् दुसऱ्या दिवशी तुम्ही अद्वैत झाले.

बाबाराव: त्या देवघराचा याच्याशी काही संबंध नाही. देवघर माणसाच्या आत असते.

वनमाला: मग तीन महिने सागवानावर रंधा कायले मारत बसले होते? रेल्वेच्या मालधक्क्यावर चाळीस वर्षं मालाच्या बिल्ट्या-पावत्या लिहिल्या. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा हातानं काही केलं, ते लेकीसाठी केलं. अंगठ्याले तीन टाके पडले.

बाबाराव: टाके शरीराले पडले.

वनमाला: आन् सगळ्यांसमोर 'आजपासून मले लेक नाही' म्हणून ताटावरून उठले, ते कोण उठलं?

बाबाराव: ते म्हणणं घडलं.

वनमाला: घडलंच तं. तुमच्या या भैयाजीनं बिघडवलं तुम्हाले. मी एकदा आली होती ना तेलीबांध्याले, तळ्याकाठच्या सत्संगाले. म्हटलं, भैयाजी, गुडघा दुखते. ते विचारतात, किसका? आता शेजारणीचा दुखत असता तं मी काहून सांगितलं असतं? आन् त्याच दिवशी प्रवचनात एका बाईचा मोबाइल वाजला तं केवढे ओरडले तिच्यावर.

बाबाराव: ओरडणं झालं. ओरडणारा कोणी नव्हता.

वनमाला: रडणारी होती. तिले मी पाणी देलं.

बाबाराव: तुले नाही समजणार. एकाच माणसाले धरून बसणं म्हणजे प्रेम नाही. खरं प्रेम सगळ्यांवर सारखं असते.

वनमाला: मंजे पोट्टी आन् दूधवाला सारखे?

बाबाराव: सारखेच.

वनमाला: दूधवाल्याच्या नावानं चिंचोका पडला. पोट्टीच्या नावानं नाही पडला. मग तुमचा जास्त जीव दूधवाल्यावर दिसते. थांबा, फोन वाजते. तिचाच आहे. गच्चीवर नाही जायचं, सांगून ठेवते. बसा. स्पीकर लावला मी. बोल, बेटा.

स्नेहल: आई, बाबा निकले क्या? मेरा बैग सुबह से दरवाज़े पर रखा है. अभिनव बोल रहे हैं, कोई नहीं आया तो बैग वापस अंदर, आज ही बता दो.

वनमाला: जावईबापूले म्हणा थांबा, इथंच बसले आहेत बाबा. तूच विचार.

स्नेहल: बाबा?

बाबाराव: हो. ऐकणं होऊन राहिलं.

स्नेहल: मतलब?

वनमाला: मंजे ऐकून राहिले. आजकाल असेच बोलतात ते.

स्नेहल: बाबा, आप अब भी उस मुर्गी वाले देवघर को लेकर नाराज़ हो?

बाबाराव: मोर आहे तो, कोरलेला.

वनमाला: चिंचोका, जी.

बाबाराव: मी फक्त वस्तुस्थिती सांगितली.

स्नेहल: मोर की कलगी होती है, बाबा.

बाबाराव: होती कलगी. घासताना तुटली. आन् मोर असो का कोंबडी, त्याले वॉशिंग मशीनजवळ ठेवतात का? साबणाच्या डब्याले टेकवून?

वनमाला: चार चिंचोके झाले.

स्नेहल: अभी भी वहीं है. झूठ नहीं बोलूँगी. हॉल में पूजा की जो जगह है ना, उसमें घुसा ही नहीं. पाँच इंच ज़्यादा चौड़ा निकला. आपने एक बार भी नाप पूछा था?

बाबाराव: विचारलं असतं तं तुले कळलं असतं. मले अचानक द्यायचं होतं.

स्नेहल: तो उस दिन रुककर मुझसे पूछ लेते. मैं बताने के लिए लिफ्ट तक भागी थी. नीचे पहुँची तो आपका ऑटो निकल चुका था.

बाबाराव: ते मले माहीत नाही.

स्नेहल: पता कैसे चलेगा? फोन आप उठाते नहीं. अच्छा, एक बात सुनो. मशीन जब कपड़े निचोड़ती है ना, तो पूरा देवघर हिलता है. आपने जो पीतल की चार घंटियाँ लगाई हैं, चारों बजती हैं. सासूबाई हँसती हैं, कहती हैं, तुमच्याकडे आरती मशीन करते. रोज़ साढ़े सात बजे. इतवार को कपड़े नहीं होते, तब भी चला देती हूँ.

वनमाला: रिकामी?

स्नेहल: हाँ आई. खाली.

वनमाला: ऐकलं का जी?

बाबाराव: पाहणं... पाहणं होऊन राहिलं.

स्नेहल: बाबा, सीधा बताओ. नाराज़ हो?

बाबाराव: इथं नाराज व्हायले कोणी नाहीच, बेटा.

स्नेहल: कोई भी नहीं?

बाबाराव: कोणी नाही.

स्नेहल: तो फिर मुझे लेने कौन आएगा?

(बरणीत एक चिंचोका पडतो. मग आणखी एक. मग मूठभर.)

स्नेहल: आई? क्या गिरा?

वनमाला: काही नाही, बेटा. तुझ्या नावाचं होतं. बरंच साठलं होतं. बॅग आत नेऊ नको. ठेव आता फोन.

बाबाराव: किती वाजले?

वनमाला: साडेदहा. गाडी खाली येऊन उभी आहे. डोळे पुसा आधी.

बाबाराव: माझा पांढरा सदरा काढ. आन् तो मापाचा टेप दे.

वनमाला: मुराळ्याले टेप कायले लागते?

बाबाराव: पाच इंच म्हणते ती. मी स्वतः मोजून पाहीन. बिल्डरची भिंतच वाकडी असंल.

वनमाला: मोजा. पण आधी तिच्या हातचं पाणी प्या, मग मोजा. आन् या बरणीचं काय करू जी?

बाबाराव: ओतून टाक. धुऊन उन्हात ठेव. लोणचं लागंल तिले.

वनमाला: आन् आजच्या सत्संगाचं? तुम्ही नाही दिसले तं भैयाजीचा फोन येईल. मी सांगीन, पोट्टीले आणायले गेले. ते विचारतील, लेने कौन गया?

बाबाराव: सांग, तिचा बाप.