वायर शेवटी बघायची

...वायर आधी बघा म्हणे! आधी! तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी हे सर्व्हरचं काम करतोय, म्हणजे करत काही नाही, ते बिघडतं आणि बिघडलंय एवढं मी फोनवरून कळवतो, पण अकरा वर्षं हा काही थोडाथोडका अनुभव नाही, आणि त्या अनुभवावरून सांगतो, वायर शेवटी बघायची असते. आधी सर्व्हरचं नाव, मग पासवर्ड, मग ते फायरवॉल, मग कॉम्प्युटर बंद करून चालू, आणि एवढं सगळं करून जीव दमला की मग टेबलाखाली वाकून वायर. हा क्रम मला कुणी शिकवला? माझ्या धाकट्या भावानं. आणि तो कोण? सव्वीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळलेला माणूस. आणि ही हेल्पलाइनवरची मुलगी, आवाजावरून फार तर तेविशीतली, मला सांगते, "काका, पहिलं वायर बघू."

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा एका वायरीवरून का हातघाईवर आलाय.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. कॉम्प्युटर म्हटलं की मी चार हात लांब. धाकट्यानं त्याच्या घरी, म्हणजे इथून आख्ख्या दिवसाच्या प्रवासावर, एक सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे काय, तर बिस्किटांच्या डब्याएवढा एक काळा डबा, सारखा घुंईं करणारा. त्यात आईबाबांचे फोटो, आणि बाबांच्या बावीस कॅसेटी, धाकट्यानं एकेक वाजवून त्यात भरलेल्या. बाबांना कॅसेटवर बोलायची भारी हौस. आम्हा मुलांशी नाही बोलायचे हं, टेपरेकॉर्डरशी बोलायचे. तर माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर, तो उघडला की तिकडच्या डब्यातलं सगळं इकडे दिसणार, अशी सोय. सोय कसली, सात फूट वायरीला टांगलेला संसार.

आता आमच्या घराण्याची एक खोड. नुसतं "कसा आहेस" विचारायला फोन करायची आमच्यात पद्धतच नाही. कामाशिवाय फोन वाजला की पलीकडून पहिला प्रश्न येणार, "कोण गेलं?" कुणी नाही गेलं म्हणालात, तर "बरं, मग ठेवू?" संपलं. सख्खे भाऊ आम्ही, एका पांघरुणात वाढलो, आणि वर्षाकाठी चार वाक्यं बोलायचो, त्यातली दोन हवेवर.

आणि एका रविवारी फोल्डर उघडेना. स्क्रीनवर आलं, सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही, आपल्या सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. हिला विचारलं, हा कोण बुवा? ही म्हणाली, "तुमचा धाकटा, दुसरं कोण." लावला फोन. सांगितलं असं असं झालंय, आणि खाली कोपऱ्यात एक लाल फुली पण दिसतेय. त्यानं विचारलं, "लाल? नक्की?" मग म्हणाला, "असू दे दादा, तिच्याकडे बघू नकोस. आधी सर्व्हरचं नाव वाच, एकेक अक्षर." वाचलं. मग पासवर्ड. मी एका बोटानं टाइप करतोय आणि हा पलीकडून विचारतोय, गुडघा काय म्हणतो? मग फायरवॉल उघड, फायरवॉल मिट. मग रीस्टार्ट. आमचं मशीन म्हातारं, उठायला सहा मिनिटं घेतं. त्या सहा मिनिटांत करायचं काय? बोलायला लागलो. बाबांची सायकल आम्ही विहिरीत घातली होती त्याबद्दल बोललो, आईबद्दल बोललो. पाऊण तासानं तो म्हणाला, "दादा, आता वायर बघ बरं." बघितलं, तर हिच्या झाडूनं इंटरनेटची वायर निघालेली. लावली, फोल्डर उघडला. मी म्हटलं, अरे, हे आधी नाही का सांगायचं? तर म्हणाला, "वायर शेवटी बघायची."

पुढच्या रविवारी फोल्डर छान चालत होता. मी बसून राहिलो त्याच्याकडे बघत. चालतोय म्हणून कसा फोन करणार? तुम्हीच सांगा, चालतोय हे काय काम झालं?

मग मी वाकलो आणि वायर काढली.

हसा, हसा. महिन्यातून दोनदा तरी काढायचो. ही चहा ओतता ओतता म्हणायची, "आज रविवार, आज बिघडणार." आणि फोन लावून मी आवाजात काळजी आणायचो, अरे परत गेलं रे, आणि लाल फुली पण आलीय. आणि तो एकदाही चिडला नाही, म्हणायचा, "फुलीकडे बघू नकोस. नाव वाच." हॉस्पिटलचा माणूस, पण भोळा. मला आत कुठेतरी टोचायचं, आपण याला फसवतोय. पण फोन ठेवला की दोन दिवस मी दुकानात गुणगुणत काम करायचो.

शेवटचा फोन सांगतो. त्या दिवशी मला घाई होती, एका गिऱ्हाइकाचं भिंतीवरचं घड्याळ द्यायचं होतं. नाव झालं, पासवर्ड झाला, रीस्टार्टला लावलं, आणि तो म्हणाला, "दादा, डॉक्टरांनी परत बोलावलंय." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हं. आता कुठलं बटण दाबू?" तो म्हणाला, "परत एकदा रीस्टार्ट कर." परत सहा मिनिटं! मी वैतागलो. वायर कुणी काढलीय ते मला माहीत, गिऱ्हाईक दारात उभं, आणि हा दोन-दोनदा रीस्टार्ट करायला लावतोय. म्हटलं, "किती घोळ घालतोस रे, सरळ वायर बघायला सांग की." म्हणाला, "सांगतो रे. जरा थांब."

मी थांबलो नाही. वायर लावली, झालं म्हटलं, फोन ठेवला. तीन आठवड्यांनी फोन आला तो भावजयीचा. त्या वेळी "कोण गेलं" विचारावं लागलं नाही.

मग चार महिने मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. आणि परवा सोमवारी भावजय म्हणाली, "दादा, शनिवारी मी घर सोडतेय, लेकीकडे राहायला जाणार. तो डबा बंद करावा लागेल. ते म्हणायचे, यातली डिस्क म्हातारी झालीय, एकदा बंद पडली तर परत उठणार नाही. तुम्हाला हवं ते आधी काढून घ्या." मला काय हवं? बाबांच्या कॅसेटी. आणि खरं सांगू, बाबांसाठी नाही. प्रत्येक कॅसेट भरताना सुरुवातीला धाकट्यानं स्वतः बोलून ठेवलंय, "ही कॅसेट अमुक, बाजू तमुक, दादासाठी." तेवढाच त्याचा आवाज आता उरलाय.

बसलो मशीनपुढे. सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. अहो, कुठून साधू? माझं मी सगळं केलं. नाव एकेक अक्षर वाचलं, मोठ्यानं. पासवर्ड. फायरवॉल. रीस्टार्ट केलं आणि सहा मिनिटं रिकाम्या भिंतीकडे बघत बसलो. मग वाकलो, कारण वायर शेवटी बघायची. वायर जागेवर होती. या वेळी मी काढलीच नव्हती.

म्हणून ती आमच्या इंटरनेटवाल्यांची हेल्पलाइन. एका कानाला ही मुलगी, दुसऱ्या कानाला आमच्या हिच्या मोबाइलवर भावजय. मुलगी म्हणते, पहिलं वायर बघू. म्हटलं, वायर शेवटी बघायची.

"शेवटी का, काका?"

"क्रम असतो तो."

"बरं, कोपऱ्यात लाल फुली दिसतेय का?"

"आत्ता नाही. एरवी दिसते."

"मग वायर ठीक आहे. ती फुली म्हणजेच वायर निघालीय. फुली दिसली की सरळ वायर लावायची, बाकी काही बघायचंच नाही. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात हे."

मला राग आला. मी म्हटलं, "बाई, माझ्या भावानं सव्वीस वर्षं हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळलेत. त्याला काय लाल फुलीचा अर्थ..."

ती "हॅलो काका, हॅलो काका" करतेय, दुसऱ्या कानात भावजय "दादा, काय झालं" विचारतेय.

तुम्हाला सांगतो, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बंद घड्याळ हातात आलं की मी पहिलं काय बघतो? चावी दिलीय का. उगाच कुणी आधी सगळी चाकं उकलत बसत नाही, फक्त ज्याला गिऱ्हाइकाला दुकानातून जाऊ द्यायचं नसतं, तो उकलत बसतो. अकरा वर्षं मी फोन लावल्या लावल्या त्याला फुली दिसतेय म्हणून सांगत होतो. अकरा वर्षं त्याला पहिल्याच मिनिटाला कळत होतं की दादानं वायर काढलीय. भोळा कोण होता, सांगा. आणि शेवटचा तो दुसरा रीस्टार्ट कशासाठी होता, तेही मला त्या मुलीच्या "हॅलो काका"मध्ये कळलं.

पोरगी हुशार हो. नवीन इंटरनेटवाल्यानं भावजयीकडे राउटरचं डबडं बदललं होतं, त्यामुळे सर्व्हरचा नंबर बदलला होता. भावजयीनं नवा नंबर वाचला, मी टाकला, फोल्डर उघडला. सात मिनिटं! बावीसच्या बावीस कॅसेटी रांगेनं इकडे यायला लागल्या. ती आनंदानं म्हणाली, "झालं बघा काका. आणखी काही मदत?"

मी विचारलं, "एकदा बंद करून चालू करून बघू या का?"

म्हणाली, "गरज नाही काका, सगळं व्यवस्थित आहे."

मग तिचा आवाज गेला आणि मशीनची बाई आली. आपली अडचण वेळेत सुटली का? हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन. मी दोन दाबलं. त्या मुलीच्या नावापुढे उगाच फुली बसली असेल, तिचं काही चुकलं नव्हतं, मला कळतं हो... पण अकरा वर्षं फोनवर खोटं बोलत आलो, आता पुरे म्हटलं.