तराफा पलीकडे

नाही, तुम्हीच मला सांगा, नदीला काठ किती असतात? दोन. दोनच ना? मग आपण ज्या काठावर नसतो, नेमका त्याच काठावर हा तराफा कसा काय असतो हो? दर वेळी? अहो, चुकून, एखाद्या वेळी, वाट चुकून तरी अलीकडे असावा... छे! तो बघा, तिकडे, त्या नारळांखाली. वर माणसं झोपलीयत. हाका मारू नका, काही उपयोग नाही, मी सकाळी मारून बघितल्या, एकाने कूस बदलली, बस. आणि मला घसा जपायचाय. का ते सांगतो. बसा, सावलीला बसा, आपण आता संध्याकाळपर्यंत एकमेकांचे नातेवाईक आहोत. कारण तो तराफा उठेल, मग कळेल की त्याची बॅटरी कुणाच्या तरी गाडीला लावून गावात गेलीय, ती आली की कळेल डिझेल नाही, डिझेल आपल्याच गाडीतून काढतील, आणि सगळं जमलं की तराफेवाला जेवायला जाईल. जेवू दे बाबा. माणूस आहे.

तुम्ही, छत्रीवाले, या असे पुढे. तुम्ही मान चांगली डोलावता. ऐकणारा असा असावा. तर तुम्हाला सांगतो, गेल्या साली लिची पिकल्या तेव्हा याच रस्त्याने गेलो मी, भाच्याच्या लग्नाला. आमचा वेलो. त्याला बाप नाही, म्हणजे मुलीच्या अंगणात उभं राहून मुलगी मागायची कोणी? मामाने. मी कोण? मी ताम्ताव बंदरात लवंगांच्या वखारीत काटा धरणारा माणूस, दिवसभर पोती तोलायची, बोलायचं कुणाशी, पोत्याशी? पण बहीण रडत आली. ‘दादा, तूच बोल. आणि पूर्ण बोल हं.’

पूर्ण बोल! हे का म्हणाली ठाऊक आहे? बारा वर्षांपूर्वी आमचा थोरला भाऊ त्याच गावात, स्वतःसाठी मुलगी मागायला उभा राहिला. उत्साही माणूस, म्हणाला मीच बोलतो. भाषणाआधी रीतीप्रमाणे छान माफी मागितली, छान सुरुवात केली, एक म्हण काढली... आणि अर्धी सांगून थांबला. उरलेली अर्धी आठवेना. अख्खं अंगण वाट बघतंय, कोंबड्यासुद्धा गप्प. नाही आठवली. मुलगी मिळाली नाही. तो अजून एकटा राहतो, स्वतःचा भात स्वतः शिजवतो, आणि आमच्या घराण्याला त्या बाजूला नाव काय पडलंय? अर्धी म्हण. ‘अर्ध्या म्हणीची माणसं आली बरं का!’ आणि आमच्या वेलोला मुलगी आवडावी कुठली? त्याच गावातली. सगळा किनारा मोकळा सोडून!

म्हणून मी तीन महिने तयारी केली. वहीत लिहिलं. माफी वहीत नाही लिहिली, माफी काय, तोंडाला येईल तशी मागायची. म्हणी मात्र तीस. जुन्या नाहीत, नव्या कोऱ्या, मी पोती तोलता तोलता घडवलेल्या. कारण नियम तुम्हाला माहीतच आहे, एका अंगणात एक म्हण एकदा. समोरच्याने वापरली की ती मेली, तुम्ही परत उच्चारलीत की लोक हसणार. जुन्या म्हणी कोण कधी वापरेल सांगता येत नाही. पण माझ्या? माझ्या डोक्यातल्या? त्या कोण वापरणार? कसा वापरणार?

बुधवारी निघालो, लग्न शनिवारी. गाडी दोनासी ड्रायव्हरची. जागा नऊ माणसांची, माणसं एकवीस, आणि माझ्या मांडीला मांडी लावून एक म्हातारा. मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडा. फार सज्जन माणूस. बोलायचा नाही, नुसतं ऐकायचा. पहिल्या नदीला उतरलो. तराफा कुठे? पलीकडे. चार तास! करायचं काय? मी म्हणालो, बाबा, तुम्हाला एक म्हण ऐकवू का? तो म्हणाला, ‘ऐकवा की.’ मी म्हणालो, होडीला टोकं दोन, पण पाणी शिरतं ते एकाच भोकातून. त्याने डोळे मिटले. म्हणाला, ‘पुन्हा म्हणा बरं?’

आता मला सांगा, वखारीत पंचवीस वर्षांत मला कुणी ‘पुन्हा म्हणा’ म्हटलं असेल? तिथे ‘पुन्हा तोला’ म्हणतात! मी विरघळलो. मी दुसरी सांगितली, तिसरी सांगितली. नाव विचारलं का त्याचं? नाही. गाव विचारलं? नाही. विचारायला मी गप्प तर बसायला हवं होतं!

दुसरी नदी. तराफा पलीकडे. पण आला हो, दोन तासांत आला, मला वाटलं दिवस फिरले. तर तराफेवाला गाडीकडे बघून नाक वर करतो. ‘कुणाकडे डुक्कर आहे का? या नदीला डुक्कर चालत नाही, फादी आहे, वाडवडिलांची मनाई. पिशव्या उघडा.’ मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो. कोण आहे तो, म्हटलं, कुणाला आपल्या वाडवडिलांचे नियम कळत नाहीत? एकवीस पिशव्या उघडल्या. माझी विसावी. चार किलो धुरावलेलं डुकराचं मांस, केळीच्या पानात, नीट बांधून! मूर्ख बाई, म्हटलं मी सगळ्यांसमोर! पण बायको माझी वरच्या डोंगराकडची, तिला आमच्या नद्यांची खोड काय ठाऊक, बिचारीने प्रेमाने घातलेलं, लग्नघरी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. ‘फेका,’ तराफेवाला म्हणाला. दोनासी म्हणाला, ‘फेकायचं कशाला, नदीच्या अलीकडे तर खाता येतं ना?’ बसले सगळे खायला. हात धुऊन, चुळा भरून, पिशवी तीनदा घासून परत येईपर्यंत तराफा... विचारू नका. पलीकडे. सगळ्यांत जास्त कोणी खाल्लं? कोंबडेवाल्या बाबाने. आणि खाता खाता म्हणतो, ‘ती लवंगेची पुन्हा म्हणा ना.’ लवंग झाडावर हिरवी, उन्हात काळी, पण वास येतो तो उन्हानंतरच. नवरा-बायकोचंही तसंच, हा त्यातला अर्थ. तो म्हणाला, ‘या म्हणी तुम्ही स्वतः केल्या?’ माणसाने अशा वेळी काय म्हणावं? हो म्हणावं. मी नम्रपणा केला. म्हणालो, छे हो बाबा, म्हण काय कुणाच्या बापाची असते?

हे वाक्य लक्षात ठेवा. मी मरेपर्यंत विसरणार नाही.

शुक्रवारी पूल नाही. म्हणजे होता, पावसाने नेला. दोनासी म्हणाला, ‘इथून होडीने, समुद्रातून.’ समुद्र म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, एक लाट होडी उचलते आणि दुसरी विचार करते की आता हिला ठेवायची कुठे. होडीवाला इंजिनाशी भांडतोय, आम्ही पाणी उपसतोय, भांडं एकच, मी टोपीने उपसतोय, आणि तेवढ्यात बघतो तर वही! वही पायाशी, पाण्यात, अक्षरं निळी होऊन वाहतायत. तीन महिने! मी रडलो हो, खरंच रडलो, आणि तोंडात खारं पाणी एवढं होतं की कुणाला कळलंही नाही. डोळ्यांसमोर थोरला भाऊ दिसायला लागला, भात शिजवताना. मग त्याच्याशेजारी वेलो, तोही भात शिजवताना.

तेव्हा त्या म्हाताऱ्याने माझा दंड धरला. ‘घाबरू नका,’ म्हणाला, ‘म्हणत चला, म्हणजे पाठ राहील.’ मग मी त्या होडीत, दर ओकारीनंतर एक, तीसच्या तीस म्हणी म्हटल्या. आणि जिथे मी अडकलो तिथे पुढचं तो सांगायचा! एकही शब्द चुकला नाही त्याचा. मला वाटलं, देवानेच पाठवलाय. किनाऱ्याला लागलो, मी त्याचे दोन्ही हात धरले. तो म्हणाला, ‘येतो. भेटूच.’ आणि कोंबडा घेऊन दुसऱ्या वाटेने गेला. भेटूच म्हणाला. मला वाटलं, असंच म्हणतात.

शनिवार सकाळ. बहीण, वेलो, आमची माणसं आधीच पोचलेली. अंगणात चटया अंथरलेल्या, आमच्याकडचे या बाजूला, त्यांच्याकडचे त्या बाजूला, मागून कुणीतरी कुजबुजलं, ‘अर्धी म्हण आली.’ ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुलीकडच्यांनी आधी आमचं स्वागत करायचं, मग मी बोलायचं. त्यांच्या गर्दीतून त्यांचा बोलणारा उठला. धुतलेला सदरा, नवी गवती टोपी. टोपी काढली.

कोंबडेवाले बाबा!

मी हसलो हो! मूर्खासारखा हात हलवला, ओळखीचं माणूस दिसलं म्हणून! त्याने मंडळींना नमस्कार केला आणि सुरू केलं, ‘होडीला टोकं दोन...’ माझा हात वरच राहिला. पहिली गेली. लवंग गेली. सातवी, बारावी... काय म्हणत होता हो! जिथे मी घाईने म्हणायचो तिथे तो थांबायचा, आणि तिथेच लोक ‘वा’ म्हणायचे. माझ्याच बाजूच्या बायका म्हणायला लागल्या! मी बोटं मोजत होतो, एखादी विसरेल, एखादी तरी ठेवेल. तिसावी माझी लाडकी, ती कुणालाच सांगायची नाही असं ठरवून मी त्याला होडीत सांगितली होती: दोन काठ भांडले तर नदीचं काय जातं? तीही म्हणाला. आणि बसला. माझ्याकडे बघून मान डोलावली.

आता मी उठलो. डोकं रिकामं. झाडून घेतलेली वखार. बहीण पदर तोंडात घालून बसलेली, वेलो खाली मातीकडे बघतोय. काय बोलायचं? नियमाप्रमाणे आधी माफी. म्हटलं, मागूया, तेवढी तरी आपली आहे. वाडवडिलांची मागितली, मोठ्यांची मागितली, उन्हात बसलेल्यांची मागितली. आणि थांबायची भीती वाटली, कारण थांबलो की संपलं. म्हणून मागतच राहिलो. म्हटलं, माझ्या भावाने या अंगणात अर्धी म्हण आणली होती, मी तर पावसुद्धा आणली नाही, माफ करा. आणलेल्या वाटेत सांडल्या, ज्याला सापडल्या त्याने जपून वापरल्या, त्याचे आभार आणि त्यालाही माफी. त्या नदीची माफी जिच्या काठी आम्ही डुक्कर घेऊन गेलो. माझ्या बायकोची माफी, तिने प्रेमाने बांधलं आणि मी सगळ्यांसमोर तिला मूर्ख म्हणालो. आणि आमच्या वेलोलाही माफ करा. दोन पावसाळे तो तुमच्या मुलीला भेटायला यायचा, आणि दर वेळी तराफा पलीकडे असायचा. आमच्यासारखे शहाणे लोक सावलीत बसून वाट बघतात. हा पोहत यायचा. मगरी आहेत हे माहीत असून, कपडे डोक्याला बांधून. त्याच्या आईला अजून माहीत नाही, तिचीही माफी. याला वाट बघणं जमत नाही, एवढा एक दोष आहे, तो पदरात घ्या.

मग मुलीची आजी, दात एकही नाही, ती उठून वेलोजवळ गेली, त्याचं डोकं चाचपलं आणि म्हणाली, ‘मुलगी देऊन टाका रे याला, परत पोहायला लावू नका.’ आणि दिली हो! मी मटकन खाली बसलो, डोळ्यांतलं पाणी थांबेना. बहीण जवळ आली, माझा हात धरला. म्हणाली, ‘दादा, माफी फार छान झाली. आता भाषण कर.’

जेवणानंतर मी गेलोच त्या बाबाकडे. म्हटलं, हे काय केलंत? तो शांतपणे भात कालवत म्हणाला, ‘मी काय केलं? तुम्हीच म्हणालात ना, म्हण काय कुणाच्या बापाची असते?’ आणि तो कोंबडा मला भेट दिला. तो कोंबडा घेऊन मी सगळ्या नद्या परत ओलांडल्या. किती दिवस लागले विचारू नका, घरी पोचेपर्यंत त्याच्यावर इतका जीव जडला की कापवला नाही. अजून आहे. आमच्या दारात ओरडतो.

पण एक झालं. किनाऱ्यावर नाव झालं. आता आम्ही अर्धी म्हण नाही, आता मी माफीवाला मामा! बोलावणी येतात. आताही तिकडेच निघालोय, परवा लग्न आहे, मुलाकडून बोलायचंय, म्हणून तर घसा जपतोय. म्हणी करणं सोडून दिलं. माझ्याकडे आता एकच वस्तू, ती माफी, नदीपासून पोहण्यापर्यंत, तीच थोडी इकडेतिकडे करून मागतो. आणि शहाणपण आलंय बरं का, ती वाटेत कुणाला ऐकवत नाही. अगदी कुणालाही...

आता तुम्हाला सांगितली ते सोडा. तुम्ही काय, वाटेवरची माणसं.

काय म्हणालात, छत्रीवाले? पोहण्याचं पुन्हा सांगू? ...का? नाही, सांगतो, सांगतो की, पण... तुम्ही कुठे निघालात म्हणालात? ...हो का. त्याच गावाला. लग्नालाच. ...बोलायला.

...मुलीकडून.

असू द्या. असू द्या, तुमचा काय दोष. ओ, तिकडे कोण ओरडतंय? तराफा सुटला? अहो, कुणी उठवलं त्यांना? झोपू द्या त्यांना! राहू द्या की पलीकडेच!