नोटिशीपुरतं झाड

विषय : घरावर झुकलेला वाळका लिंब तोडण्याची परवानगी मिळणेबाबत. संदर्भ : अंगणात ज्वारी निवडणाऱ्या आमच्या सौ.पासून हातभर अंतरावर पडलेली फांदी.

अर्ज दिल्यावर शिपायानं हरकतींची नोटीस लिंबाच्या बुंध्यावर ठोकली.

“काका, महिनाभर नोटीस झाडावर ऱ्हायला पायजे. तवर तोडायचं न्हाय.”

“आणि तवर झाड पडलं तर?”

“मग अर्जच निकाली निघंल की!”

सौ. म्हणाली, “मी काय महिनाभर हेल्मेट घालून ज्वारी निवडू?”

अशा नोटिसा मीही सरकारी नोकरीत जन्मभर काढल्या. दुसऱ्याच दिवशी लाकूडतोडे बोलावले, नोटिशीच्या वरचं सगळं झाड उतरवलं आणि कार्यालयाला लेखी कळवलं : नोटीस झाडावर सुस्थितीत आहे.

महिना उलटला. एकही हरकत आली नाही. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.