आरोहीच्या आहारवहीविषयी दोन शब्द

मी, हैबतराव धोंडिबा ढमाले, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शेती, शिक्षण चौथी पास, राहणार कासार आंबोली, तालुका मुळशी, समक्ष उभा राहून सांगतो की,

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या फुटबॉल अकादमीचे प्रमुख विश्वस्त माननीय दयानंदराव, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या क्रीडाशास्त्राच्या संशोधक डॉक्टर शुभांगीताई, व्यासपीठावरील मान्यवर, खेळाडू मुली, त्यांचे पालक आणि ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

पालकांच्या वतीने शाल द्यावी, दोन शब्द बोलावे व खाली बसावे, अशी मला सूचना आहे. शाल दिली. खाली बसण्यास अवकाश आहे.

बाईंनी येथे दोन वर्षे काय केले? सरावापूर्वी मुलींना वजनकाट्यावर उभे केले, सरावानंतर पुन्हा केले, आणि अंगातून किती पाणी गेले ते टिपून ठेवले. छातीला पट्टा बांधून काळजाचे ठोके मोजले. एका सामन्यात मुलगी किती धावते, तेही पाठीवरच्या यंत्रावर पाहिले. आम्ही हसलो. "घाम मोजायला पगार देत्यात व्हय?" हे वाक्य पारावर प्रथम मीच बोललो, आणि चार माणसे हसली याचे मला समाधान वाटले.

त्यांची एक आहारवही होती. मुलीने दिवसभरात काय खाल्ले ते त्यात लिहायचे आणि घरच्या वडीलधाऱ्याने पानाखाली सही करायची. मुलीला किती पळवायचे, हे बाई त्यावरून ठरवीत. माझी नात आरोही, वय सोळा, मधल्या फळीत खेळते. तिच्या वहीवर सही माझी आहे. सहीच नव्हे, ती सबंध वही मीच लिहिली. का लिहिली, ते ऐकावे.

गेल्या वर्षी जत्रेच्या जेवणाला पाहुणे होते. आरोही सरावावरून आली आणि चार भाकरी जेवली. माझे मेहुणे नथू भर पंगतीत म्हणाले, "दाजी, नात हाय का पैलवान? हिला देताना पोरगं न्हाई, धान्याचं कोठार बघाय लागंल!" पंगत हसली. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी मी सून रजनीला आज्ञा केली: सकाळी एक, रात्री दीड भाकरी. दूध नाही, अंडे नाही. तेही पुरुषांची जेवणे उरकल्यावर. रजनी म्हणाली, "मामंजी, पोर दिसभर पळतीया." मी म्हणालो, "मग हळू पळ म्हणावं."

आता वहीत दीड भाकरी लिहायची? गोठ्यात चार म्हशी असताना? ढमाल्यांच्या घरात पोर अर्धपोटी आहे, असे परक्या बाईने वाचायचे? सबब मी लिहिले: भाकरी चार, दूध दोन पेले, अंडी दोन, तूप. सात महिने, एक दिवस न चुकता, सुवाच्य अक्षरात. आरोही समोर बसून बघत असे. एकदा म्हणाली, "आबा, आज लापशी लिवा की. लई दिस झालं."

मी लापशी लिहिली.

पुढे बाई आमच्या ओसरीवर आल्या. म्हणाल्या, "आबा, वहीप्रमाणे हिचं वजन वाढायला हवं होतं. ते चार किलोनं उतरलंय. रक्तात लोह नाही. चार महिने पाळी आलेली नाही. अशानं हाडं जातात. खरं काय ते मला सांगा." शेजारी पुरुषमाणसे बसली होती. त्यांच्यासमोर मी काय उत्तर दिले? सौम्य न करता सांगतो. "ज्या बाईला सोताचं लेकरू न्हाई, तिनं दुसऱ्याच्या लेकराचं पोट मोजाया येऊ न्हाई." बाई उठल्या. त्यांना चपला सापडेनात. चपला समोरच होत्या.

त्यांनी आरोहीचा सराव थांबविला. हा घराचा अपमान समजून मी अध्यक्षांकडे गेलो आणि म्हणालो, अकादमीत सर्वांत जास्त माझी नात खाते, वही पाहा. दयानंदराव, आपण वही पाहिली नाही. आपण माझे पागोटे पाहिले आणि सराव पूर्ववत करविला. तिसऱ्या आठवड्यात पिरंगुटच्या मैदानावर, कोणी पाय मारलेला नसताना, पळता पळता पोरीच्या नडगीचे हाड मोडले.

चौकशी झाली. प्रयोगापायी बाईंनी मुलगी मोडली, असे मी लिहून दिले. बाईंकडे वही मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्याकडून गहाळ झाली. अहवालात "संशोधकाचा निष्काळजीपणा" असे आले, आणि आज हा हार, हा नारळ.

वही गहाळ झालेली नव्हती. परवा त्यांनीच ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ही दाखवली असती, तर खोटी नोंद दिली म्हणून आरोहीला काढलं असतं. तुमच्याकडेच राहू द्या."

अध्यक्षमहाराज, चिठ्ठी पोचली. "वेळ संपली" असे वाचले. आपण हळूच "आबा, बसा आता" म्हणालात, तेही ध्वनिक्षेपकाने सर्वांना ऐकविले. मी बसणार नाही.

म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला, असे कोणी समजू नये. ज्या बाईला मी माझ्या ओसरीवरून उठविले, तिने माझ्यावर पांघरूण घालावे आणि त्याखाली मी सुखाने जेवावे, हे मला मान्य नाही. मला कोणाची दया नको. बाईंनी गप्प राहण्यासाठी मला परवा हात जोडले होते, आताही जोडत आहेत. मी ते पाहतो आहे, आणि मानीत नाही.

ही वही मेजावर ठेवतो. पहिल्या पानापासून अक्षर माझे. निष्काळजीपणाचे ते वाक्य अहवालातून काढावे. खोट्या नोंदीचा नियम मला लावावा. मी खेळाडू नाही म्हणून मला लागत नसेल, तर जिने लिहिलेच नाही तिलाही तो लागू नये.

आरोही, उठू नकोस, फरशी गुळगुळीत आहे. बस गं. तुजंच बोलतुया मी.

काय म्हणालीस? मोठ्याने बोल, लोकांना ऐकू दे.

"माजं बोलताय म्हणूनच चाललीया", असे ती म्हणाली. बरे. किशोर, तुझ्या पोरीला धर, कुबडी घसरेल. नको, बाई गेल्या तिच्याकडे. शुभांगीताई, समारंभ आपला आहे. आपली शाल खाली पडली.

असो. अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार मानतो. बोलण्यात एखादा शब्द अशुद्ध गेला असल्यास माझ्या चौथीच्या शिक्षणाकडे पाहून तो पोटात घालावा. बाकीचे पोटात घालू नये.

हे विधान मी राजीखुशीने, शुद्धीवर असताना केले. समक्ष साक्षीदार: दयानंदराव, अध्यक्ष. नथू, माझे मेहुणे, दुसऱ्या रांगेत. किशोर, माझा मुलगा, मान खाली. रजनी, सून, दारात उभी, तोंड बाहेरच्या बाजूस. डॉक्टर शुभांगी आणि आरोही किशोर ढमाले यांची नावे प्रथम घालावयाची होती. परंतु विधान पुरे झाले तेव्हा त्या दोघी सभागृहात हजर नव्हत्या.