दिव्याच्या पिस्तुलातलं शिसं

जबाब

नाव मंदा दशरथ भोईर, वय ४७ वर्षे, धंदा मासळी विक्री, राहणार पाली गाव, भाईंदर पश्चिम. कोणी बोलावलेले नसताना आज सोमवारी सकाळी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती दशरथ व मुलगी दिव्या, वय १९, यांच्यासह राहते. पती बोटीवर आहेत, सध्या समुद्रात आहेत. मी केबिन रोडला बसून मासे विकते. दिव्या कॉलेजात शिकते व भाईंदरमधील एका खाजगी केंद्रात पिस्तूल नेमबाजी शिकते. सदर पिस्तूल हवेवर चालते, त्यातून बारीक छर्रा सुटतो. तिला जयकुमार सर शिकवतात. तिच्याबरोबर मिनल अल्पेश दोशी, वय २०, राहणार भाईंदर पूर्व, ही मुलगी शिकते. दोघी मैत्रिणी आहेत. मिनल आमच्याकडे जेवायला येते. ती मासे खात नाही म्हणून मी तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण लावते. हे लिहायची गरज नाही असे जबाब लिहून घेणाऱ्या स्वाती मॅडम म्हणाल्या. लिहा असे मी म्हटले.

दिव्या रोज संध्याकाळी रिकामे पिस्तूल भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर रोखून उभी राहते. त्यावेळी तिचा हात थोडा हलतो. मला तो दिसतो. स्पर्धा जवळ आली तशी ती रात्री जेवेनाशी झाली. एकदा जयकुमार सर घरी आले होते. त्यांनी पिस्तुलाच्या नळीखाली बसवलेली अंगठ्याएवढी पोकळ कांडी उघडून तिच्यात दोन चकत्या घातल्या. हा टंगस्टन नावाचा धातू असून शिशापेक्षाही जड आहे, पुढे वजन आले की हात गप्प राहतो, असे त्यांनी मला समजावले. मी एक चकती हातात घेतली. एवढीशी वस्तू इतकी जड कशी, हे मला कळले नाही. सर जाताना दिव्याला म्हणाले, "अजून एक बसली असती तर मजा आली असती." पुढे ते काही बोलले, पण कुकरची शिट्टी झाली. मला ऐकू आले नाही.

शुक्रवारी केंद्रात स्पर्धेसाठी सर्वांची पिस्तुले तपासून झाली व दिव्या पिस्तूल घेऊन घरी आली. शनिवारी पहाटे ती आंघोळीला गेली असता मी तिची बॅग उघडली. कांडीचे झाकण फिरवले. आत अर्धी जागा रिकामी होती. आमच्या घरी जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या असतात. त्यातल्या काही मी आदल्या दिवशीच ठोकून चपट्या करून ठेवल्या होत्या. त्या आत भरल्या. वाजू नयेत म्हणून माझ्या जुन्या साडीची चिंधी घातली व झाकण लावले. दिव्याला सांगितले नाही. सांगितले असते तर तिने काढून टाकले असते. "आई, तुला यातलं काय कळतं?" असे ती नेहमी म्हणते.

त्या दिवशी स्पर्धा होती, म्हणून मी धंद्यावर गेले नाही. तिचा खेळ बघायला पहिल्यांदाच गेले व काचेमागे बसले. तिचा हात हलला नाही. माझी नजर तिच्या हातावरच होती, त्यामुळे तिचे गुण किती झाले ते मला माहीत नाही. संपल्यावर ती धावत बाहेर आली व म्हणाली, "आये, आज हात हललाच न्हाय बग!" मिनलने तिला मिठी मारली. मिनलचा स्वतःचा नेम त्या दिवशी चांगला लागला नव्हता.

त्यानंतर काही पिस्तुले पुन्हा तपासायला घेतली, त्यात दिव्याचे होते. काट्यावर ते पंधराशे ग्रॅमच्या वर गेले. पंधराशेच्या वर चालत नाही, असा नियम आहे. हे मला तेव्हा समजले. तिचे सगळे गुण रद्द केले. पंचांनी कांडी उघडली तेव्हा आतून शिसे व चिंधी निघाली. चिंधी हिरवी होती. दिव्याने ती ओळखली नाही. ती साडी मी तिच्या जन्माआधी नेसत असे.

दिव्या म्हणाली, "माझ्या बॅगेला मिनलशिवाय कोण हात लावतं?" मिनल म्हणाली, "दिव्या, तू पागल झालीस का?" मी तिथेच उभी होते. मला बोलायचे होते. नियम काय, शिसे चालत नाही की वजन चालत नाही, सर म्हणाले होते वजन हवे, मग चुकले कुठे, हे सगळे एकदम डोक्यात आले व तोंडातून काहीच निघाले नाही. तोवर दोघी जिन्यावर गेल्या. दिव्याने मिनलची बॅग खेचली. मिनल चार-पाच पायऱ्या खाली पडली व तिचे उजवे मनगट मोडले. त्याच हाताने ती पिस्तूल धरते.

मिनलचे वडील अल्पेशभाई यांनी दिव्याविरुद्ध तक्रार दिली आहे. दिव्यानेही मिनलविरुद्ध, तिने पिस्तुलात शिसे घातले, अशी तक्रार दिली आहे. दिव्याच्या तक्रारीच्या वेळी मी तिच्या शेजारी बसले होते. मला काही विचारले नाही. मीही बोलले नाही.

काल रविवारी मी डबा घेऊन दवाखान्यात मिनलकडे गेले. अल्पेशभाई खाली औषधे आणायला गेले होते. मिनल म्हणाली, "आंटी, मैंने कुछ नहीं किया।" मी म्हटले, "मला ठाऊक आहे." तिने विचारले, "आपको कैसे पता?" मी डबा स्टुलावर ठेवून खाली आले. रिक्षात बसल्यावर लक्षात आले की डबा उघडून द्यायला हवा होता. एका हाताने तिला झाकण निघाले नसते.

मॅडमनी विचारले की, हे कृत्य करण्याचा उद्देश काय. उद्देश म्हणजे तिचा हात हलू नये. दिव्याला मी घरी अद्याप सांगितलेले नाही. तिचे बाबा समुद्रात असल्याने त्यांनाही माहीत नाही. त्या दिवशी नेम तिचा होता की माझ्या शिशाचा, असे मी जयकुमार सरांना फोनवर विचारले. त्यांनी फोन ठेवला. मला ते अजून समजलेले नाही. मिनलचा काही दोष नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझ्याविरुद्ध जे लिहायचे असेल ते मॅडमनी लिहावे.

जबाब मला वाचून दाखवतील असे मॅडम म्हणाल्या. दिव्या बाहेर व्हरांड्यात बसली आहे. मी दुसऱ्या कामाने आले असे तिला वाटते. वाचताना तिला आत बोलवावे, अशी माझी विनंती आहे. हे माझ्या तोंडून दुसऱ्यांदा निघणार नाही.

दिव्या आत आली. तिच्यासमोर हा जबाब मोठ्याने वाचला. तिने मध्ये दोनदा थांबवून "काय?" असे विचारले. मॅडमनी तो भाग पुन्हा वाचला. तिने आपली तक्रार परत मागितली. दिलेली तक्रार परत मिळत नाही, असे मॅडमनी सांगितले. तेव्हा माझाही जबाब नव्याने लिहा, असे ती म्हणाली व माझी खुर्ची सरकवून तिथे बसली. तिचे होईपर्यंत मी बाहेर थांबणार आहे.

वर लिहिलेले सर्व मराठीत ऐकले. मी सांगितले तसेच आहे. काही वगळायचे नाही. सही करते.

मंदा दशरथ भोईर