हरेल त्याने फोन करायचा

(धावत्या रेल्वेत खिडकीपाशी समोरासमोर बहीण-भाऊ. मधल्या छोट्या टेबलावर सहा कोनांच्या चकत्या.)

ताई: खेळ ना. कधीची तुझी पाळी आहे.

धाकटा: माझी? बरं. ही इथे.

ताई: तिथे ठेवून काय मिळवलंस? स्वतःच्याच घराची बाजू बंद केलीस.

धाकटा: असू दे.

ताई: असू दे काय, बारक्या! घराची चकती सगळ्या बाजूंनी कोंडली की हार. लहानपणी एक बाजू अडवली तरी डबा डोक्यावर घ्यायचास.

धाकटा: लहानपणी हरलं तर डॉक्टरांना फोन करायचा नसायचा.

ताई: ठरलंय ना आपलं? हरेल त्याने करायचा.

धाकटा: आणि काय सांगायचं? एकदा तोंडाने बोल तरी.

ताई: बाबांचं श्वासाचं मशीन काढा, असं. आपण पोचल्यावरच काढतील, पण होकार आधी हवाय त्यांना. बोलले. झालं?

धाकटा: किती सहज बोललीस.

ताई: मला काही वाटतच नाहीये रे. दात काढताना इंजेक्शन देतात ना, ओठ आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं झालंय सगळं. रडू येईल म्हणून दोन रुमाल घेतले पर्समध्ये. घडीसुद्धा मोडली नाही.

धाकटा: मी मीटिंग पूर्ण करून निघालो. मध्ये एक विनोदही केला. हसले लोक.

ताई: ही घे माझी.

धाकटा: थांब. ती चकती उचलून तू माझं घर मोकळं केलंस.

ताई: चुकून.

धाकटा: चुकून? तू? मला ताप होता तेव्हासुद्धा सोडलं नव्हतंस.

ताई: आणि तू काय करतोयस मघापासून? आपल्याच हाताने आपलं घर कोंडतोयस. मला दिसत नाही का?

धाकटा: आई गेली तेव्हा सगळ्यांना तूच फोन केलेस. शाळेचा गणवेश होता अंगावर. एकेकाला तेच सांगत होतीस, आणि मी बाजूला बसून बिस्किटं खात होतो. पुरे झालं आता. हा फोन मी करतो.

ताई: आणि जन्मभर मनात घोळवत बसशील, बाबांना मी मारलं म्हणून. तुला मी ओळखत नाही होय? हरू दे मला.

धाकटा: नाही.

ताई: म्हणजे दोघंही हरायला बसलोय.

धाकटा: असा डाव संपतच नाही, ताई. स्टेशन येईल.

ताई: बाबांना काय हवं असेल रे?

धाकटा: डॉक्टरांनी तेच विचारलं. बाबा कधी याबद्दल काही बोलले होते का, म्हणाले. मला त्यांच्या चपलेचा नंबर माहीत आहे, औषधांच्या वेळा माहीत आहेत. हे माहीत नाही.

ताई: मलाही नाही.

धाकटा: पण असं नळ्या लावून पडून राहायला नको म्हणाले असते. एवढं वाटतं.

ताई: हो. एवढं मलाही वाटतं.

धाकटा: मग?

ताई: चकत्या भर पिशवीत. फोन मध्ये ठेव, स्पीकरवर. दोघं मिळून सांगू. एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही तर दुसऱ्याने बोलायचं.

धाकटा: भरल्या. लावू?

ताई: लाव. बारक्या, बाबांनी हा दोघांचाच खेळ का आणला असेल? प्रवासात आपण तर तिघं असायचो.

धाकटा: आपण भांडू नये म्हणून. लावलाय मी.

ताई: आणि ते काय करायचे?

धाकटा: बघत बसायचे. चकत्या खाली पडल्या की शोधून द्यायचे.

ताई: आपण एकदा तरी म्हटलं का रे त्यांना, बाबा, माझ्या जागी तुम्ही बसा म्हणून?

धाकटा: रिंग जातेय, ताई.